अपुरी दवंडी

‘घाबरू नका’ हे दोन शब्द आमच्या शहापूरच्या मामलेदार कचेरीत लिहायला बंदी होती. ही बंदी सरकारची नव्हे. सरकारला ते शब्द फार आवडत. वरून येणाऱ्या प्रत्येक छापील पत्रकात ते असत. बंदी होती आमच्या अव्वल कारकुनांची. मी नोकरीला लागलो तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात देवी टोचण्याच्या दवंडीचा मसुदा माझ्याकडे आला आणि मी मोठ्या ऐटीत शेवटी लिहिलं, “लोकांनी घाबरून जाऊ नये.”

त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि मला समोर बोलावलं.

“सकाळपासून तुम्ही घाबरलेले होतात का?”

“नाही, साहेब.”

“आणि आता?”

“आता जरा...”

“का?”

“तुम्ही विचारताय म्हणून.”

“बसा,” ते म्हणाले, आणि ती ओळ खोडून टाकली.

त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचे चिरंजीव हयात आहेत आणि बापाच्याच वळणावर गेलेले असल्यामुळे ह्या लेखातल्या चुका दुरुस्त करून मला परत धाडतील. आम्ही कारकून मंडळी त्यांना साहेब म्हणत असू आणि मामलेदारांना रावसाहेब. हुद्द्याने रावसाहेब मोठे होते. पण सरकारला तालुक्यातल्या माणसाशी काही बोलायचं झालं, तर ते साहेबांच्या लेखणीतून बोले. पटकी, प्लेग, टंचाई, आगी, मग लढाई आणि तिच्या मागून आलेलं रेशन, कुठलंही संकट आलं की रावसाहेब खुर्चीत मागे रेलून म्हणत, “अव्वल कारकून, लोकांना काहीतरी कळवा.” साहेबांना ह्या ‘काहीतरी’चा भयंकर राग येई. “काहीतरी कळवायचं असेल तर कुत्रंही कळवतं,” असं ते आपल्या टेबलाशी येऊन पुटपुटत. रावसाहेबांसमोर मात्र “बरं” म्हणत.

अंगाने काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, बारा महिने काखेत छत्री. कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते दहादा बदलायला काढलं असेल. पण पूर्वीचं बटण कुठे हरवलं ह्याचा तपास पूर्ण झाल्याशिवाय नवं लावायला त्यांची तयारी नव्हती. घरातही ते तसेच बोलत. एकदा त्यांच्याकडे जेवायला होतो. पहिला घास घेताच ते म्हणाले, “आज आमटीत मीठ जास्त पडलं आहे. कारण समजलेलं नाही. ज्यांना सोसत नसेल त्यांनी ताक घ्यावं.” काकू आतून म्हणाल्या, “कारण समजलंय. तुम्ही मघाशी स्वयंपाकघरात येऊन चव बघून आणखी टाकलंत.” साहेबांनी क्षणभर विचार केला आणि आम्हाला सांगितलं, “दुरुस्ती. चूक माझी आहे.” मग निमूटपणे जेवले.

हे वेड त्यांना लागलं मुरबाडात. तिथे ते पूर्वी धाकटे कारकून होते. शेजारच्या तालुक्यात उंदीर पडल्याची बातमी होती, म्हणून तिथल्या वरिष्ठांनी सावधगिरीने दवंडी देवविली की मुरबाडात प्लेग नाही, लोकांनी घाबरू नये. तोवर मुरबाडात कोणाच्या स्वप्नातही प्लेग आला नव्हता. दिवेलागणीपर्यंत सगळं गाव शेतात झोपड्या घालून राहायला गेलं होतं. बाजारपेठेत कचेरीची माणसं आणि कुत्री एवढीच उरली. “मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की लोक आपलं बोलणं ऐकतात,” साहेब सांगत. “आपण काय बोलतो ते मात्र आपल्याला ऐकू येत नाही.”

म्हणून त्यांनी एक शिस्त लावून घेतली. लिहिलेली प्रत्येक दवंडी आधी कचेरीबाहेर उंबराखाली भाजी विकणाऱ्या एका म्हातारीला वाचून दाखवायची. कचेरीचा अव्वल कारकून कागद घेऊन भाजीवालीसमोर उकिडवा बसलाय आणि ती शेवळाच्या, म्हणजे त्या पावसाळी रानभाजीच्या, जुड्या बांधत बांधत ऐकतेय, हे दृश्य शहापुरात कोणाला नवं नव्हतं. वाचून झालं की ते विचारत, “काय समजलं?” म्हातारी जे सांगेल त्यावर मसुदा राही किंवा बदले. लढाईच्या दिवसांत विमानांबद्दल एक लांबलचक पत्रक आलं होतं. शत्रूची विमानं आल्यास दिवे मालवून मोकळ्या जागेत पालथं पडून राहावं, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं.

“काय समजलं?”

“आमच्याकडं दिवा कुटं हाय मालवायला? आनि पालथं पडून राहायचं म्हंजे आवनाच्या चिखलात पडू काय रे बाबा? भात कोन लावील?”

साहेबांनी ते पत्रक दप्तरी लावलं. शेरा मारला: “तालुक्यास लागू करण्यापूर्वी तालुक्यास दिवे द्यावेत.” रावसाहेबांनी तो शेरा वर जाऊ दिला नाही.

दुसरी शिस्त ह्याहून अवघड होती. जे लोकांना करायला सांगायचं, ते सांगणाऱ्याने आधी चारचौघांत करायचं. दर वेळी देवी टोचणारे आले की बाजारात पहिला दंड साहेबांचा. डॉक्टर म्हणत, अहो तुम्हाला गेल्याच साली टोचलंय. साहेब बाही वर सारून उभेच. त्यांच्या दंडावर चाळणीसारखे वण होते. रेशनवर तांदळाऐवजी तांबडी ज्वारी आली, तेव्हा तर कहर झाला. आमच्याकडची माणसं भातावर वाढलेली. ज्वारी ती घाटावरची, आणि ही तर जनावरंही हुंगून बाजूला होतील अशी. वरून पत्रक आलं, की हे धान्य पौष्टिक व रुचकर आहे. साहेबांनी काकूंकडून त्या ज्वारीची भाकर करून घेतली आणि बाजाराच्या दिवशी कचेरीच्या ओट्यावर बसून खाल्ली. शंभरेक माणसं बघत होती. एकाने विचारलं, “कशी लागते, साहेब?”

“वाईट,” साहेब म्हणाले. “पण पोट भरतं. पाण्यासोबत जास्त चावून खावी लागते.”

त्या दिवशी दुकानातली ज्वारी संपली. रावसाहेब आनंदले, पण पत्रकात ‘रुचकर’ असताना आपण ‘वाईट’ म्हणालात हे लेखी येऊ देऊ नका, असं त्यांनी बजावलं.

तानशाच्या बंधाऱ्याला भेग पडल्याची आवई उठली तीही ह्याच सुमाराची. खालच्या गावांतली माणसं गाठोडी घेऊन शहापूरला आली आणि उंबराखाली बसली. रावसाहेब म्हणाले, सांगा की भेग नाही. साहेब म्हणाले, आपल्याला काय माहीत? आणि त्यांनी दवंडी दिली ती अशी: “भेग आहे की नाही हे कचेरीला ठाऊक नाही. अव्वल कारकून स्वतः बघायला निघाले आहेत. सांजेला परत येऊन सांगतील. परत आले नाहीत तर काय ते समजावं.” आणि बैलगाडीत छत्री उघडून बसून गेले. लोक दिवसभर शांत बसून होते. काहींनी तर चुली मांडल्या. सांजेला गाडी आली. साहेब उतरले, “भेग नाही. बंधारा मी हाताने चाचपला,” म्हणाले आणि घरी गेले. गाठोडी आली तशी परत गेली. ‘परत आले नाहीत तर’ हे वाक्य काकूंना आठवडाभर कोणी सांगितलं नाही. कळलं त्या दिवशी साहेबांना ताकही मिळालं नाही.

आता गोमाजीचं सांगायला हवं, कारण साहेबांची लेखणी आणि गोमाजीचा गळा ह्यांची जोडी होती. किन्हवलीच्या बाजूला एक गाव आहे; त्याचंही नाव नको. गोमाजी तिथला. गावकीचं काम परंपरेने त्याच्या घराकडे, त्यामुळे दवंडी त्याची. आवाज असा, की ओहोळाच्या ह्या काठाला बोलला तर पलीकडच्या रानातली गुरं वळून बघत. महत्त्वाची दवंडी असली की साहेब त्याला शहापूरच्या बाजाराला बोलावून घेत. गोमाजीला त्याची घमेंडही होती. “साहेब लिवतात चांगलं,” तो सगळ्यांना सांगे, “पन पोचवतो मी.” साहेबांसमोरही सांगे. साहेब म्हणत, “बरोबर आहे.”

लढाईच्या मधल्या एका साली, लावणी ऐन भरात असताना, त्याच्या गावात पटकी शिरली. आरोग्य खात्याची माणसं आली आणि लोकल बोर्डाच्या दगडी विहिरीत तांबडं औषध टाकून गेली. सांगितलं कोणालाच नाही. सकाळी बायका पाण्याला गेल्या तर पोहऱ्यातून जांभळं-तांबडं पाणी आलं. झालं! सरकारने विहिरीत विख कालवलं. रेशन पुरत नाही म्हणून खाणारी तोंडं कमी करायला निघालेत. गावाने विहीर सोडली आणि सगळे ओहोळाचं पाणी प्यायला लागले. पटकी होती ती ओहोळातच.

वरून छापील पत्रक आलं. घाबरण्याचे कारण नाही, वगैरे. साहेबांनी ते बाजूला ठेवून स्वतः लिहिलं. त्यांच्या हातून उतरलेली ती सगळ्यांत नेटकी दवंडी असेल. “विहिरीत औषध आहे. ते टाकताना तुम्हाला सांगितलं नाही, ही सरकारची चूक. चार दिवस पाणी तांबडं दिसेल व कडवट लागेल. विहिरीचं पाणी पिईल तो जगेल. ओहोळाचं पिईल तो मरेल.” उंबराखालची म्हातारी ऐकून म्हणाली, “हिरीचं प्यायचं, ओहोळाचं नाय.” पास झालं. ह्या वेळी साहेब स्वतः गावात जायला निघाले आणि मला सोबत घेतलं.

विहिरीपाशी गाव जमलं. गोमाजीने डफ वाजवला आणि लिहिलं होतं तसं, एकही शब्द न गाळता, सांगितलं. त्याचा आवाज त्या दिवशी नेहमीसारखा वाटला नाही, पण मी लक्ष दिलं नाही. सांगून झाल्यावर गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “काय रे गोमा, तू पितोस काय ह्या हिरीचं?”

लोक हसले. त्या हसण्याचा अर्थ मला कळला तो दुसऱ्या क्षणी. गोमाजी महारवाड्यातला. त्या विहिरीच्या कट्ट्याला त्याच्या सावलीनेही शिवायचं नव्हतं.

“मला कोन पिऊन देतो?” गोमाजी म्हणाला.

साहेब एकदम वळले. “गोमाजी, तुमच्याकडे पाणी कुठलं?”

“ओहोळाचं. दुसरं कुटलं, साहेब?”

“आणि आत्ता तुम्ही हे...”

“तुमी लिवलं तसं बोललो. खोटं कुटं हाय? माजी सून गेली ना परवा ह्याच पान्याने.”

साहेब छत्री टेकून उभे राहिले. सगळ्या तालुक्याला कळेल असं लिहिणारा हा माणूस; त्याने म्हातारीला विचारलं होतं, आम्हाला विचारलं होतं, आणि जो हे तोंडाने सांगणार त्याला विचारलं नव्हतं. आमच्यापैकी कोणालाच ते सुचलं नव्हतं. अर्ध्या गावाला जगायचा रस्ता आणि उरलेल्या वस्तीला मरणाची बातमी, दोन्ही आम्ही एकाच कागदावर, त्याच वस्तीतल्या माणसाच्या तोंडून पाठवली होती. मला अजूनही ते आठवलं की लाज वाटते.

मग साहेब पाटलाकडे वळले.

“पाटील, तुम्ही विहिरीचं पाणी पिणार?”

“नाय साहेब.”

“गावातलं कोणीच नाही?”

“मेलो तरी नाय.”

“म्हणजे विहीर सोडली.”

“सोडली म्हना.”

“ठीक. सोडलेली विहीर रिकामी ठेवून उपयोग नाही. गोमाजी, घरातल्यांना घागरी घेऊन बोलवा.”

विख आहे असं म्हणणारे आता नको कुठल्या तोंडाने म्हणणार? गोमाजीची बायको भागी पुढे आली. बाकीच्या बायका लांबच थांबल्या. भागीने पोहरा सोडला. पाणी तांबडं होतं ह्याकडे तिने बघितलंही नाही. कट्ट्यावर बसलेल्या माणसांकडे ती बघत होती. घागर भरली, दुसरी भरली. मग सगळी वस्ती आली.

गाव वाट बघत राहिलं, ही माणसं कधी मरतात. ती मेली नाहीत. वस्तीतली पटकी थांबली. गावातली थांबेना. आठवडा उलटायच्या आत पाटलीणबाई स्वतः दोर घेऊन विहिरीवर आल्या. पाणी आता निवळलं होतं. कट्टा धुऊन घेतला, गोमूत्र शिंपडलं आणि गाव पुन्हा विहिरीचं पाणी पिऊ लागलं. पटकी गेली. आणि वस्ती पुन्हा ओहोळावर गेली.

ठाण्याच्या जिल्हा कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं, की लोकांत विश्वास निर्माण केल्याबद्दल कचेरीचं कौतुक. रावसाहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. साहेब तेवढ्यात उठून बाहेर गेले.

पुढच्या बाजाराला गोमाजी आला. ओट्याच्या खालच्या पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, माज्यासाठी येक दवंडी लिवा.”

“काय लिहू?”

“हीर बोर्डाची. बोर्ड सरकारचा. मंग आमी सरकारचे नाय काय? खरं असेल तं लिवा. खोटं असेल तं नको.”

खरं होतं. साहेबांनी दप्तर उपसलं, तेव्हा मुंबई सरकारचा जुना ठराव निघाला. सरकारी पैशाने बांधलेल्या विहिरी सगळ्या जातींना खुल्या. त्यावर आमच्याच कचेरीतल्या कोणा पूर्वजाचा शेरा होता, ‘पाहिले, दप्तरी ठेवावे.’ त्या ठरावाची दवंडी कधी दिलीच गेली नव्हती. साहेबांनी मसुदा केला आणि रावसाहेबांपुढे ठेवला. रावसाहेबांनी तो वाचला आणि घाम पुसला.

“वेड लागलंय का? दंगा होईल. आणि तुमचं नाव मामलेदारीसाठी वर गेलंय, तेवढं तरी ध्यानात ठेवा.”

हे खरं होतं. साहेब पुढच्या साली मामलेदार होणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. काकूंनी तर त्या आशेवर नवं घोंगडंही घेतलं होतं, मामलेदार मुक्कामाला फिरतात म्हणून. साहेबांनी मसुदा उचलला, आपल्या खणात ठेवला आणि खण लावला. गोमाजीला सांगितलं, “अजून हुकूम नाही.” गोमाजी मान हलवून गेला. मला साहेबांचा तेव्हा मनापासून राग आला होता, आणि मी स्वतः काय केलं म्हणाल तर चहा मागवला.

गोमाजीने वाट पाहिली नाही. किन्हवलीच्या बाजारात तो उभा राहिला, डफ वाजवला आणि आपल्या त्या प्रचंड गळ्याने सांगितलं, “ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय. बोर्डाची हीर समद्यांची! कोनी आडवायचं नाय!”

दुसऱ्या दिवशी पाटील दहा-बारा माणसं घेऊन कचेरीत हजर. गोमाजीलाही आणलं होतं. प्रकरण साधं नव्हतं. हुकमाशिवाय सरकारच्या नावाने दवंडी दिली, तर गावकीचं काम जाणार, त्याबरोबर पोटापुरती जमीन जाणार, वर खटला. गोमाजी पायरीखाली उभा होता. डफ त्याच्या काखेत होता. पाटलाने विचारलं, “रावसाहेब, येवडंच सांगा. ही दवंडी कचेरीची हाय का नाय?”

रावसाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. “अव्वल कारकून, सांगा यांना. ही दवंडी कचेरीतून गेलेली नाही.”

साहेब उठले. टोपी नीट केली.

“ही दवंडी कचेरीतून गेलेली नाही, हे खरं आहे,” ते म्हणाले.

पाटलाच्या मागची माणसं एकमेकांकडे बघून हसली. गोमाजीने मान खाली घातली.

“जायला हवी होती. तिचा मसुदा माझ्या खणात आहे. उशीर माझ्याकडून झाला.”

“म्हंजे? खरी का खोटी?” पाटलाने विचारलं.

“खरी. पण अपुरी.” साहेबांनी खणातून कागद काढला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि अगदी दप्तर तपासावं तशा आवाजात गोमाजीला म्हणाले, “तुम्ही फक्त विहिरी सांगितल्यात. ठरावात सरकारी शाळा आहेत, धर्मशाळा आहेत, कोर्ट-कचेऱ्या आणि दवाखाने आहेत. अर्धवट दवंडीने लोकांची दिशाभूल होते. पुन्हा द्यावी लागेल. पूर्ण.”

‘मामलेदारांकरिता’ अशी सही करायचा अधिकार अव्वल कारकुनाला असतो. रावसाहेब दौऱ्यावर असले की साहेब रोज करत. त्या दिवशी रावसाहेब समोरच बसले होते. साहेबांनी त्यांच्यादेखत ‘मामलेदारांकरिता’ सही केली, टीपकागद दाबला आणि कागद गोमाजीच्या हातात दिला. रावसाहेबांनी तोंड उघडलं. पण सरकारचाच ठराव खोटा, असं दहा-बारा माणसांसमोर म्हणायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी तोंड मिटलं.

किन्हवलीच्या पुढच्या बाजाराला पूर्ण दवंडी झाली. साहेब शेजारी छत्री घेऊन उभे होते. तिथून ते चालत गोमाजीच्या गावी गेले, थेट विहिरीवर. भागीला म्हणाले, “बाई, पाणी द्या.” तिने कट्ट्यावर चढून पाणी शेंदलं. साहेबांनी वाकून ओंजळ पुढे केली आणि ते सगळ्या गावादेखत तिच्या हातचं पाणी प्याले. शिस्तच होती त्यांची. पण दंडाला टोचून घेणं वेगळं आणि हे वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बातमी शहापूरला त्यांच्या आधी पोचली.

महिना भरायच्या आत बदलीचा हुकूम आला. मुरबाडला, एक टेबल खाली. मामलेदारी कायमची गेली. घोंगडं काकूंनी अंथरायला काढलं.

गोमाजीच्या गावाने काय केलं? वर्गणी काढून गावठाणात स्वतःची वेगळी विहीर खणली आणि बोर्डाच्या विहिरीकडे पाठ फिरवली. दंगा झाला नाही. तेवढे कष्ट कोणाला हवे होते!

पुढल्या उन्हाळ्यात मी कामानिमित्त त्या गावात गेलो होतो. बोर्डाच्या विहिरीवर वस्तीतल्या बायका धुणं करत होत्या, पोरं ओरडत होती. भागीने मला ओळखलं.

“आपले साहेब कुटं असतात?”

“मुरबाडला.”

“बरे हायेत ना? पान्यापावसाचं बरं हाय तिकडं?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या माणसाच्या हाताखाली वर्षं काढल्यावर जीभ वळत नाही. मी सांगितलं, की त्यांनी तुमच्या हातचं पाणी प्यालेलं तिकडे सगळ्यांना कळलंय. घर मिळालं, पण घरमालक त्यांना विहिरीच्या रहाटाला हात लावू देत नाही. काकू ह्या वयात गावाबाहेरच्या तळ्यावरून घागर आणतात. साहेब दुसरी आणतात.

भागीने हातातलं धुणं खाली ठेवलं. मग म्हणाली, “त्यांना म्हनावं, इकडं या. इथं कोन आडवत नाय.”

मुरबाडला गेलो तेव्हा मी हा निरोप दिला. साहेब ओट्यावर बसले होते, शेजारी दोन रिकाम्या घागरी पालथ्या घातल्या होत्या. त्यांनी मला तो निरोप शब्दाला शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग घसा खाकरून आत हाक मारली, काकूंना बाहेर बोलावलं आणि मला म्हणाले, “यांनाही सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. काकूंनी उंबऱ्यात उभं राहून ऐकलं. डोक्यावर चुंबळ तशीच होती, काढायची राहिली होती. त्यांनी साहेबांकडे एकदा बघितलं.

“कधी निघायचं?” त्या म्हणाल्या.